टिंग झालं की बाजू बदला

वादविवाद मंडळाची खोली आपल्याकडून या जन्मात कोणी काढून घेत नाही, हे इतिहासाच्या बाईंनी शनिवारी सकाळी आंघोळ करतानाच ठरवून टाकलं होतं. केस पुसता पुसता त्यांनी ते नवऱ्यालाही सांगितलं.

"आज कमिटीपुढे माझी मुलं बोलणार आहेत. बघाच तुम्ही, अध्यक्षीणबाई खोलीची किल्ली स्वतःच्या हाताने आमच्या हातात ठेवतील."

"ठेवतील, ठेवतील," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"कशाला ठेवतील?" आतून सासूबाई म्हणाल्या. "शाळेत जागेची एवढी ओढाताण, आणि तुम्हाला नुसतं बोलायला अख्खी खोली?"

"तेही खरंच म्हणा," बाई म्हणाल्या.

हे त्यांचं नेहमीचंच. मायलेकांची त्या घरात कशावरूनही जुंपायची. खिडकी उघडी ठेवायची की बंद, पोळ्या आधी की भात आधी, शेजारचा मुलगा हुशार की नुसता चष्मा लावणारा. बाई मधे बसून दोघांचं मन लावून ऐकायच्या, आणि पंचाईत अशी की दोघांचंही त्यांना पटायचं. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्यांना वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. मग हळूहळू कुतूहल वाटायला लागलं. एकाच खिडकीबद्दल दोन माणसं इतकी खात्रीने उलटंसुलटं कशी बोलू शकतात? आणि त्यांनी जागा बदलल्या तर?

घरात हा प्रयोग करणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी तो शाळेत केला.

वादविवाद मंडळ असं सुरू झालं. स्पर्धांमध्ये बाजू चिठ्ठी टाकून ठरते, ती आपल्या मनासारखी येईलच असं नाही. तेव्हा मुलांना दोन्हीकडून बोलता आलं पाहिजे, असं बाईंनी वरकरणी कारण दिलं. खरं म्हणजे त्यांना बघायचं होतं. सरावाची पद्धतही त्यांनीच काढली. टेबलावर एक घंटी ठेवायची, ऑफिसात असते तसली, वरून टपली मारायची. टिंग झालं की बोलणाऱ्याने बाजू बदलायची. वाक्य पूर्ण करायचं नाही, श्वास घ्यायचा नाही, जिथे असाल तिथून वळायचं. "आणि म्हणूनच गृहपाठ बंद व्हायला हवा, कारण त्यामुळे मुलांचं," टिंग, "मुलांचं भलंच होतं, हे ज्याला कळत नाही त्याने आपली जुनी वही उघडून पाहावी." असं.

मुलांना हे इतकं आवडलं की सुट्टीत पाण्याच्या नळापाशीही ती एकमेकांना तोंडाने टिंग करत आणि समोरचा घोट गिळून लगेच दुसरीकडून सुरू होई. सरावात बाई आणखी एक गोष्ट करायच्या. मुलं बोलत असताना समोर बसून तोंडं वेडीवाकडी करायच्या, मान हलवायच्या, डोळे वटारायच्या. परीक्षक कसेही निघतात. कोणाचा चेहरा बघून गडबडायचं नाही, बाईंचा तर नाहीच नाही, हा मंडळाचा नियम होता.

या सगळ्याचं फळ यंदा मिळालं. मंडळ ज्या ज्या स्पर्धेला गेलं तिथून काहीतरी घेऊन आलं. शहराचा फिरता चषक आला तेव्हा मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, प्रार्थनेनंतर भाषण केलं आणि त्यात मंडळाचं नाव चक्क बरोबर घेतलं. चषक ठेवायला खोलीतलं कपाट पुरेना. एक तर वॉशबेसिनमध्ये उभा होता, कारण ती खोली पूर्वी प्रयोगशाळेची अडगळ होती.

आणि नेमक्या याच वर्षी बॅंडच्या सरांनी खोली मागितली.

बॅंडचे सर म्हणजे अबोल माणूस. त्यांची मुलं सायकलतळाच्या कडेला, मोठ्या सरांच्या खिडकीखाली वाजवायची. मोठ्या सरांचं डोकं दुखायचं. बंद दाराची एकच जादा खोली शाळेत होती, ती मंडळाची. कमिटीने सांगितलं, दोघांचं ऐकून घेऊ आणि ठरवू.

खोली गेली की मंडळ गेलं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. विज्ञान मंडळाचं असंच झालं. आधी खोली गेली, मग सभासद गेले, आता आठवण म्हणून एक सांगाडा तेवढा ऑफिसात उभा असतो आणि लोक त्याच्यावर छत्र्या अडकवतात.

मंडळाच्या बाजूने तिघं बोलणार होती, तिघांनाही मंडळाने टोपणनावं दिलेली. पहिली झरा. ही नववीतली मुलगी एकदा सुरू झाली की थांबत नसे. दुसरा आजोबा. वय वर्षं तेरा, पण पाठीमागे हात बांधून असा बोले की समोरच्याला वाटावं, याची नातवंडं बाहेर गाडीत बसली आहेत. तिसऱ्याचं नावच थांबा. प्रत्येक वाक्य "थांबा" ने सुरू करायचा, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या वाक्याच्या मध्ये.

मोठ्या सरांच्या ऑफिसबाहेर तिघं भिंतीला टेकून उभी होती. झराने ओठ चावून चावून लाल केले होते.

"बाई, ही स्पर्धा नाहीये ना. खरंच आहे हे," ती म्हणाली.

"खरं असलं म्हणून काय झालं?" बाईंनी तिची कॉलर नीट केली. "स्पर्धाच आहे असं समजा. अध्यक्षीणबाई म्हणजे परीक्षक. आपण तिथे बोलतो तसंच इथे बोलायचं. अगदी तस्संच."

हे वाक्य त्यांना पुढे बरेच दिवस आठवणार होतं.

आत लांब टेबल होतं. मधोमध अध्यक्षीणबाई. त्यांचं औषधांचं दुकान होतं, आणि तिथल्यासारखंच त्या समोरच्याचं बोलणं ऐकताना चष्म्यावरून बघायच्या, जणू चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आहे का ते तपासतायत. शेजारी कमिटीचे दुसरे सभासद, दातांचे डॉक्टर. कडेला मोठे सर. समोर एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला बॅंडचे सर, टोपी मांडीवर घेऊन.

"तुम्ही सुरू करता?" अध्यक्षीणबाईंनी बॅंडच्या सरांना विचारलं.

सर उभे राहिले. "म्हणजे असं आहे की..." ते म्हणाले. मग त्यांनी टोपीकडे पाहिलं. "मुलं चांगली आहेत," असं म्हणून ते खाली बसले.

बाईंना त्यांची दयाच आली. इतकी सोपी स्पर्धा मंडळाच्या वाट्याला वर्षभरात आली नव्हती.

झरा उठली. नमस्कार, प्रस्तावना, एक छोटा विनोद, दातांचे डॉक्टर हसले. मग तिने खोलीचं वर्णन सुरू केलं. ती शांतता, ते कपाट, भिंतीवरचा फळा. बाई खुर्चीत जरा मागे टेकल्या.

"मॅडम, वादाला शांत जागा लागते. विचार करायला चार भिंती लागतात. या खोलीने आम्हाला घडवलं. आणि म्हणूनच ही खोली आमच्याकडेच राहणं म्हणजे..."

अध्यक्षीणबाईंना चहा हवा होता. त्यांनी कोपराजवळची घंटी दाबली.

टिंग.

"...म्हणजे शुद्ध आळस आहे," झरा म्हणाली.

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"चार भिंती लागतात असं मी आत्ताच म्हणाले. कोणी लावल्या ही सवय? ज्यांना चार भिंतींतच बोलता येतं, त्यांना बोलता येतं असं म्हणायचं का?" झराचे डोळे चमकत होते. "बॅंडच्या मुलांनी आमच्याइतकीच मेहनत केली. फरक एवढाच, की आमच्या डोक्यावर छप्पर होतं."

बॅंडचे सर टोपी कुरवाळायचे थांबले.

बाई खुर्चीच्या काठावर आल्या. त्यांनी मान हलवली. झराने त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज आणखी चढवला. बाईंनी डोळे मोठे केले, बोटाने नको नको केलं, शेवटी ओठांवर हात ठेवला. सरावात याच्या निम्मीही तोंडं त्यांनी कधी केली नव्हती. झराला वाटलं, आज बाईंनी कठीण पेपर काढलाय. ती अजिबात डगमगली नाही. डगमगायचं नाही, हे बाईंनीच शिकवलं होतं.

"ही मुलगी कोणाच्या बाजूने बोलतेय?" दातांच्या डॉक्टरांनी मोठ्या सरांच्या कानात विचारलं.

"आमच्याकडे मुलांना मोकळीक आहे," मोठे सर म्हणाले. त्यांना खिडकीखालची जागा रिकामी झाली तर हवीच होती.

आता उपाय एकच. आणखी एकदा टिंग. पण घंटी अध्यक्षीणबाईंच्या कोपरापाशी. बाईंनी पदराने वारा घेतला.

"फार उकडतंय नाही? पंखा लावायला सांगता का शिपाईमामांना?"

"सांगते की." टिंग.

झरा तोवर बसली होती आणि आजोबा उठला होता. त्याने नुकतेच पाठीमागे हात बांधले होते आणि "बॅंडच्या बाजूने माझं एवढंच म्हणणं आहे," असं म्हणून तोंड उघडलं होतं.

"...की ते बोलायला आलेच नाहीत," तो म्हणाला. "ज्यांना खोली हवी आहे त्यांनी खोलीबद्दल एक शब्द काढला नाही. मग ती द्यायची कशाच्या जोरावर?"

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. इकडे बॅंडचे सर पुन्हा टोपीत बघायला लागले. शिपाईमामा चहा घेऊन आले, पंखा लागला, आजोबाची गाडी रुळावर आली. चषक ठेवायची कपाटं, पुढच्या वर्षीच्या स्पर्धा, शाळेचं नाव. दातांचे डॉक्टर मान डोलावू लागले.

मग त्यांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"यात साखर आहे."

"अहो, तुम्ही साखरेचा घेत नाही, विसरलेच मामा." अध्यक्षीणबाईंचा हात घंटीकडे गेला.

"नको!" बाई जवळजवळ ओरडल्याच. आयुष्यात एवढा मोठा आवाज त्यांनी पहिल्यांदा काढला असेल. "म्हणजे... मी जाऊन आणते ना चहा. कशाला मामांना त्रास?"

"तुम्ही बसा हो, बाई. मुलांचं ऐका. किती छान बोलतायत." टिंग.

"शाळेचं नाव," आजोबा सावकाश म्हणाला, "खोलीने मोठं झालं का? मॅडम, आता खरं सांगतो. शहराचा चषक आम्हाला खोलीने दिलेला नाही. त्या महिन्यात खोलीचं कुलूप अडकलं होतं. आम्ही सायकलतळावर सराव केला. एका बाजूला ड्रम, दुसऱ्या बाजूला सायकलींच्या घंटा. ऐकू यावं म्हणून आम्ही एका वेळी एकच जण बोलायला शिकलो. खोलीत असताना तिघंही एकदम बोलायचो. बोलायला माणसाला तोंड लागतं, आणि ते माणूस कुठेही गेला तरी बरोबरच असतं. ड्रम खिशात घालून नेता येतो का?"

हे मात्र बाईंना माहीत नव्हतं. त्या महिन्यात त्या आजारी होत्या. सायकलतळावर? त्यांना पाहायला आवडलं असतं. ड्रमच्या शेजारी उभं राहून आजोबा नेमका कसा बोलला असेल?

"पाणी मिळेल का?" त्यांनी क्षीण प्रयत्न केला.

"हा काय पाण्याचा जग तुमच्यासमोर," अध्यक्षीणबाई म्हणाल्या आणि पुन्हा मुलांकडे वळल्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. दुकानात असं त्या फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी करायच्या.

एवढ्यात शिपाईमामा बिनसाखरेचा चहा घेऊन आले. ट्रेला जागा हवी म्हणून त्यांनी टेबलावरचं सामान सरकवलं. पेनस्टॅंड सरकला, फाईल सरकली, आणि घंटी सरकत सरकत थेट बाईंच्या हाताशी येऊन थांबली.

बाईंनी तळवा उचलला. टिंग केलं की झालं. तिघं वळतील, आणि या वेळी कोणी मधे येणार नाही. त्यांना फक्त वाक्य संपायची वाट बघायची होती. वाक्याच्या मधे तोडणं त्यांना कधीच जमलं नव्हतं, सरावातसुद्धा घंटी त्या मुलांकडूनच मारून घ्यायच्या.

झरा पुन्हा उभी राहिली होती. समारोप तिच्याकडे असायचा.

"थोडक्यात, खोली बॅंडलाच द्यावी, याला माझी तीन कारणं आहेत. एक, आम्हाला ती लागत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. दोन, त्यांना ती लागते, हे मोठ्या सरांच्या डोकेदुखीने सिद्ध झालेलं आहे. आणि तीन..."

बाईंचा तळवा घंटीवर. तिसरं ऐकू या, मग वाजवू.

"थांबा," थांबा म्हणाला.

"मी बोलतेय ना!"

"हो, पण थांबा. मला एक विचारायचंय, आणि मला कोणीच सांगितलेलं नाही." तो सगळ्यांकडे बघत म्हणाला. "बॅंड एकच गाणं वाजवतो. मी पाचवीपासून ऐकतोय. टॅं टॅं टॅरॅरॅं, टॅं टॅं टॅरॅरॅं, मग बासऱ्या वर चढतात, चढतात, आणि कोणाची तरी गाडी आत येते. सगळे ड्रम उचलून पळतात. मग परत पहिल्यापासून. आपल्यापैकी कोणी ते गाणं पुढे ऐकलंय का?"

तो मोठ्या सरांकडे वळला.

"मोठे सर, तुमच्या खिडकीखाली आहे. तुम्ही ऐकलंय?"

मोठ्या सरांनी आठवून पाहिलं. "चढतात तिथपर्यंत," ते म्हणाले. "मग मी खिडकी लावतो."

"मामा?"

"मी गेट उघडायला गेलेला असतो," शिपाईमामा म्हणाले.

"म्हणजे बघा. अख्ख्या शाळेला अर्धं गाणं पाठ आहे आणि दुसरं अर्धं कोणाला माहीत नाही. ते पुढे कसं जातं?"

आणि बाईंच्या लक्षात आलं, आपणही इतकी वर्षं शेवटच्या तासाला खडू हातात धरून बासऱ्या चढताना ऐकतोय. दर वेळी मनात येतं, आता पुढे काय? दर वेळी गाडी येते. एकदा तर घरी भाजी चिरताना त्यांनी स्वतःच्या मनाने पुढचा भाग रचून पाहिला होता, आणि सासूबाईंनी विचारलं होतं, दात दुखतोय का.

सगळ्यांनी बॅंडच्या सरांकडे पाहिलं.

ते लाल झाले. टोपी त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"पुढे," ते म्हणाले, "फार छान आहे."

इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

घंटी बाईंच्या तळव्याखाली होती. गार होती. जरा हात टेकला असता तरी वाजली असती.

"झालं?" अध्यक्षीणबाईंनी चष्मा परत लावला. "मुलांनी आम्हाला अगदी कोड्यात टाकलंय. सुरुवातीला खोली मागितली, मग नाकारली, मग मागितली, मग परत नाकारली. शेवटचं जे काय ते तुम्हीच सांगा, बाई. मंडळ तुमचं. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही खोलीला हात लावणार नाही. काय म्हणणं आहे तुमचं?"

म्हणजे हातातच होतं सगळं. एक "नको" म्हणायचं होतं.

तिघं मुलं वळून त्यांच्याकडे बघत होती. बॅंडचे सर टोपीकडे बघत होते. बाईंनी तोंड उघडलं. शांतता, कपाट, फळा, पुढचं वर्ष, छत्र्या अडकवलेला सांगाडा, सगळं ओठांवर तयार होतं.

"मला पटलं हो," त्या म्हणाल्या.

"काय पटलं?"

"मुलांचं. खोली त्यांना द्या."

ऑफिसच्या बाहेर आल्यावर चौघं पुन्हा त्याच भिंतीला टेकून उभी राहिली. अध्यक्षीणबाईंनी निर्णय सांगताना तिघांची पाठ थोपटली होती आणि मंडळाने सायकलतळावर भरावं असंही ठरवून टाकलं होतं, कारण तशी सूचना मंडळाकडूनच आली होती. मोठे सर म्हणाले होते, एवढा मोठा विजय मंडळाने वर्षभरात मिळवला नव्हता. ते थट्टा करत नव्हते, हेच जास्त लागलं.

"बाई," झरा शेवटी म्हणाली, "तुम्ही आमच्या बाजूने होतात ना?"

"अगं, तुमच्याच बाजूने. पण तुम्ही कोणत्या बाजूला होतात?"

"थांबा," थांबा म्हणाला. "ती चहाची घंटी होती?"

"चहाची, पंख्याची आणि साखरेची."

आजोबाने पाठीमागचे हात सोडले आणि पहिल्यांदाच तो तेरा वर्षांचा दिसला. "मग आम्हाला वाटलं ते सगळं..."

"पण फार छान बोललात," बाई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

सोमवारी बाईंनी आणि तिघांनी मिळून खोली रिकामी केली. चषक खोक्यांत भरले, वॉशबेसिनमधला धुऊन घेतला. सगळी जिना उतरत होती तोवर वर बॅंड लागला होता, दार बंद करून. टॅं टॅं टॅरॅरॅं. बासऱ्या चढू लागल्या. चौघंही पायरीवर थबकली. बासऱ्या नेहमीच्या जागी पोचल्या, आणि कोणतीही गाडी आली नाही. गाणं पुढे गेलं.

पुढचा भाग बराचसा पहिल्यासारखाच होता. फक्त त्यात ड्रम जास्त होता.

"छानच आहे," आजोबा म्हणाला.

"काहीतरीच," झरा म्हणाली. "यासाठी खोली दिली आपण?"

"थांबा, अजून संपलं नसेल."

संपलं होतं. दोघांचंही बरोबरच आहे, असं बाईंना वाटलं. त्यांच्या मनात शनिवारपासून भलतंच घोळत होतं. घरी भांडी घासतानासुद्धा तेच.

"झरा, तुझं तिसरं कारण राहिलं ग. खोली बॅंडला द्यायचं. हा थांबा मधे आला."

"जाऊ दे ना बाई, आता काय त्याचं."

"नाही, सांग. मला खरंच ऐकायचंय."

झराने खोकं पोटाशी धरलं आणि नजर जिन्याकडे वळवली.

"तिसरं असं होतं, की खोली वाचवायला शेवटी बाईंनाच बोलावं लागणार. आणि आमच्या बाईंना समोरच्याचं लगेच पटतं."

बाई पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांनी खोकं या हातातून त्या हातात घेतलं, थोडा वेळ विचार केला, आणि तेही त्यांना पटलं.